काखेत पिल्लू

“बाबा, तुम्ही पाण्यात उतरायचं नाही. सुकाणू धरायचं, कोको ढवळायचा आणि गप्प बसायचं. आणखी एक तक्रार आली ना, तर उद्यापासून बोट मी चालवीन आणि तुम्ही दुकानात बसून पाहुण्यांचे पोहायचे ओले सूट धुवायचे.”

कोरीनने हे सगळ्या पाहुण्यांदेखत सुनावलं आणि त्यांना घेऊन ती झऱ्याच्या तोंडाशी पोहायला गेली. बोटीवर एकटा हार्लन टटल उरला. क्रिस्टल रिव्हरवर अख्खी हयात बोट हाकलेल्या माणसाला पोटच्या पोरीने दम भरावा! पण बोलणार कोणत्या तोंडाने? गेल्याच महिन्यात एका पाहुणीवर छाप पाडायला त्याने मॅनेटीची, म्हणजे पाण्यातल्या समुद्रगाईची, पाठ खाजवून दाखवली होती. म्हशीएवढा तो गरीब जीव खूश झाला, पाहुणीही खूश झाली, कायदा तेवढा नाराज झाला. मॅनेटीने आपल्याला खेटलं तर चालतं, आपण तिला हात लावायचा नाही. ती अंगाशी आलीच, तर ओंडक्यासारखं पडून राहायचं. हे हार्लन रोज पाहुण्यांना शिकवायचा आणि स्वतः विसरायचा.

आता तो मुकाट्याने कोकोच्या पातेल्यात डाव फिरवत उभा होता. तेवढ्यात लांबवर एका पाहुण्याचा हात एका मॅनेटीच्या शेपटीकडे सरकताना दिसला.

“ए! हात मागे!” हार्लन असा काही गरजला, की त्याची नवी कोरी कवळी तोंडातून सुटली. डुबुक!

त्याने लगबगीने कठड्यावरून नदीत डोकावून पाहिलं. पाणी गढूळ. आता बोळक्या तोंडाचा कॅप्टन बघितला, की कोरीन तक्रारीचीही वाट बघणार नाही. ‘पटकन उतरू, दात उचलू, वर येऊ. कुणाला कळतंय?’ असं म्हणत त्याने आपला जुना सूट चढवला. सूट मूळचा काळा, आता राखाडी. पाठीवर फाटला होता तिथे पांढऱ्या पट्ट्या चिकटवलेल्या. तोंडात श्वासाची नळी धरून तो पालथा तरंगत तळ न्याहाळू लागला.

तेव्हा त्याच्या काखेत काहीतरी मऊ, मिशाळ घुसलं.

मॅनेटीचं पिल्लू आईच्या काखेपाशी दूध पितं, ही हार्लनची पाहुण्यांना सांगायची लाडकी माहिती. पिल्लालाही ती पाठ होती. ढकलावं तर हात लागणार. हात लागला तर तक्रार होणार. हार्लन ओंडका झाला.

“श्श! उजवीकडे बघा,” शेजारच्या बोटीवरून ड्वेनचा आवाज आला. हा ड्वेन हार्लनच्याच हाताखाली तयार झालेला गाइड. “आई पिल्लाला पाजतेय! पाठीवरच्या पांढऱ्या खुणा बघा, बोटीच्या पंख्याचे घाव आहेत ते. पाठ बघून मॅनेटी ओळखायची, हे मला आमच्या हार्लनकाकांनी शिकवलंय.”

‘छान शिकवलं हो,’ हार्लनने स्वतःलाच शाबासकी दिली.

“केवढी थोराड आहे! पोटात अजून एक असेल का हो?” एका बाईने विचारलं.

“छे, वय झालंय तिचं,” ड्वेन म्हणाला. “सुटलीय जरा.”

हार्लनला रात्री जेवणानंतर खाल्लेल्या गोड पीकन पायचा तिसरा तुकडा आठवला. इकडे पिल्लू दूध मिळेना म्हणून जोर करू लागलं. हार्लनला लहानपणापासून भयंकर गुदगुल्या व्हायच्या. तो गदगदा हलायला लागला.

आता मिस ओपल आपली छोटी होडी वल्हवत आल्या. मॅनेटींना कोण त्रास देतंय यावर नजर ठेवणाऱ्या या आजीबाई. मागची तक्रार त्यांचीच.

“अगं बाई, थरथरतेय ही! थंडी बाधलीय. आणि नाकात कसली नळी अडकलीय? मागे व्हा सगळे! ड्वेन, बचाव पथकाला फोन लाव!”

पथकाचं नाव ऐकून हार्लनचं धाबं दणाणलं. “मी आहे, मी!” तो नळीतूनच ओरडला. बिनदाताचा आवाज बाहेर आला तो असा: “म्हीं... म्हीं!”

“ऐकलंत? पिल्लाला हाक मारतेय,” ड्वेन गहिवरला. एका पाहुण्याने टोपी काढून छातीशी धरली.

तेवढ्यात कोरीन परतली. बोट रिकामी. “बाबा! ओ बाबा!”

“म्हीं!”

तिने वळून पाहिलं. मॅनेटीच्या मागच्या बाजूला पाण्यातून पोहताना पायात घालायचा एक निळा आणि एक पिवळा रबरी पंजा डोकावत होता. ही विजोड जोडी टाकून द्या म्हणून ती वर्षभर बापाच्या मागे लागली होती. तिने सरळ उडी मारली.

“कोरीन! खबरदार आईजवळ गेलीस तर!” मिस ओपल कडाडल्या.

“आई कसली डोंबलाची, मिस ओपल? बाप आहे तो माझा!”

पाहुण्याने टोपी पुन्हा डोक्यावर चढवली. पिल्लाचाही एव्हाना भ्रमनिरास झाला होता, ते निघून गेलं. हार्लनने डोकं वर काढलं. मिस ओपल होडी अगदी जवळ घेऊन आल्या.

“हार्लन, पिल्लाला हात लावलास?”

त्याने मानेने नाही म्हटलं.

“ढकललंस?”

पुन्हा नाही.

“मग तक्रार कशाची करू रे? इतका शहाण्यासारखा तरंगलेला माणूस मी उभ्या जन्मात पाहिला नाही.”

कोरीन इतकी हसली की तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. “चला वर, बाबा. सुकाणू तुमचंच.”

हार्लनचा जीव भांड्यात पडला. दात गेले तर गेले, बोट राहिली! आनंदाच्या भरात त्याने पातेलं तळापासून ढवळलं, काठोकाठ मग भरला आणि थंडीने कुडकुडणाऱ्या मिस ओपलच्या हातात अदबीने ठेवला.

मिस ओपलनी दोन घोट घेतले. तिसऱ्याला मगात काहीतरी खडखडलं. त्यांनी मग डोळ्यांजवळ नेला आणि बराच वेळ आत बघत राहिल्या.

“हार्लन,” त्या शांतपणे म्हणाल्या, “मॅनेटीचं सोड. पण याची तक्रार मला करावीच लागणार.”

कोरीनने बापाकडे न बघता सुकाणू हातात घेतलं. हार्लनला बचावात बोलायचं पुष्कळ होतं. पण त्याचे दात अजून मिस ओपलच्या मगात होते.