पांडूदादा मास्क तपासतात

आमच्या बिल्डिंगचा जिना सध्या सुखासुखी चढता येत नाही. पहिल्या मजल्याच्या वळणावर पांडूदादा स्टूल टाकून बसलेले असतात. हातात घडीचं पितळी भिंग, लूमवाले कापडावर टेकवून धागे मोजतात ते. आपण तोंडाला रुमाल धरायचा, मास्क काढून कठड्यावर ठेवायचा आणि मागे सरकायचं. मग दादा भिंगाला डोळा लावणार आणि निकाल देणार.

"वीण ढिली हाय."

माझ्या मास्कला त्यांनी पहिल्या दिवशी जरा जास्तच वेळ घेतला. कोविडची नवी लाट आल्याची बातमी वाचून मी कपाटाच्या तळातून मागच्या वेळचे मास्क शोधून काढले होते. त्यांतल्या एकाने मी मध्यंतरी स्कूटर पुसत असे. तो नेमका कोणता, हे मला आठवत नव्हतं. दादांना मात्र लगेच कळलं.

"देसाई, ह्यो मास्क न्हाय, मच्छरदानी हाय. आन ती पन ग्रीस लागलेली."

दादा मूळचे जवळच्या दापोडे गावचे. भाऊ जमिनीवर गोदामं बांधून मोकळे झाले. दादांनी भिवंडीत कापडाचे लूम टाकले आणि उभं आयुष्य त्या खडखडाटात काढलं. त्यामुळे जगातली प्रत्येक गोष्ट ते कापड म्हणूनच बघतात. नाक्यावरचा नवा रस्ता, जावयाची नोकरी, आमच्या घरचा चहा, सगळ्यांचीच वीण ढिली.

या खेपेला लोकांनी लाट फारशी मनावर घेतली नव्हती. बाजारात कोणी खोकला तर पुढचा माणूस फक्त मान वळवून बघायचा, एवढंच. पण घरात दादांच्या पत्नी, जनाकाकी होत्या. काकींची केमो चालू होती. डॉक्टरांनी बजावलं होतं की साधा तापही नको, ताप आला की डोस लांबला, आणि आता डोस लांबवून चालणार नाही. त्या दिवशी दवाखान्यातून येऊन काकींना आत निजवलं आणि दादांनी जिन्यात स्टूल टाकलं.

आधी त्यांनी मास्क स्वतःच शिवले. लूमवरून उतरलेलं कोरं कापड, तीन पदर, खळ तशीच. त्या मास्कमधून विषाणू आत येत नसे, हे मी छातीवर हात ठेवून सांगेन. हवाही येत नसे. मी तो लावून तिसऱ्या मजल्यापर्यंत पोहोचलो आणि आमच्या दारातच बसलो. सुनंदाने, म्हणजे माझ्या बायकोने, आधी पिशवीत कोथिंबीर आहे का ते पाहिलं आणि मग माझ्याकडे.

तक्रार दादांपर्यंत गेली असावी. दुसऱ्या दिवशी ते मेडिकलमधून आणलेल्या निळ्या मास्कचा खोका मांडीवर घेऊन बसले होते. भिंग लावून बघत होते, पुसत होते, पुन्हा बघत होते.

"ह्यात धागाच न्हाय," ते म्हणाले. सगळी हयात ताण्याबाण्यात गेलेल्या माणसाला न विणलेलं कापड भेटलं होतं. थोडा वेळ त्यांनी त्या मास्ककडे परक्या माणसाकडे बघावं तसं बघितलं. मग एक माझ्या हातात दिला. "पन डॉक्टर म्हनतो ह्योच. मंग ह्योच."

खरी कसोटी पुढेच होती. सख्ख्या पुतण्याची हळद दापोड्याला. त्यांच्यात हळदीला अख्खं गाव लोटतं, रात्रभर बेंजो वाजतो आणि काका मांडवात नसेल तर भावकी पुढची कित्येक वर्षं ते उगाळत बसते. दादा गेले, पण मांडवाबाहेर रस्त्यावर उभे राहिले. भावाने येऊन हात धरायचा प्रयत्न केला, तर दादा मागे मागे सरकत पार ट्रकच्या रांगेला टेकले. तिथूनच दोन्ही हात वर करून त्यांनी नवरदेवाला आशीर्वाद दिला आणि परत आले. वहिनी म्हणे अजून बोलत नाहीत. दादांनी एवढंच सांगितलं, "बोलतील. जनी बरी झाली का जेवायला बोलवीन."

या सगळ्यात माझं आणि त्यांचं मात्र बिनसलं. मी रोज जिन्यात काकींची चौकशी करायचो. पूर्वी गप्पांना न थकणारा हा माणूस आता माझ्या तोंडाकडे नुसता बघायचा, मान हलवायचा आणि दुसरीकडे वळायचा. एकदा तर मी विचारलं, डोस कधी आहे, गाडी आणू का? त्यावर ते भिंग पुसत बसले. मी घरी येऊन सुनंदाला म्हटलं, म्हातारा माजलाय.

सुनंदा माझ्याकडे बघत राहिली. लग्न झाल्यापासून ती माझ्याकडे अशी अधूनमधून बघते.

"अहो, लूमवाले ना ते? ऐकू कुठे येतं त्यांना?"

कारखान्यात लूम चालू असताना शेजारच्याचा आवाजही पोहोचत नाही, तिथे सगळे ओठ बघूनच बोलतात. दादांचे कान त्या खडखडाटात कधीच गेले होते. आम्हाला पत्ता लागला नाही, कारण आमची तोंडं उघडी होती. कानातलं मशीन मुलाने आणून दिलं, पण ते घातलं की डोक्यात पुन्हा लूम सुरू होतात, म्हणून ते डबीत पडून. आणि हाच माणूस जिन्यात बसून एकेकाचं तोंड आपल्या हाताने झाकत होता. हे सुनंदाला काकींनी फोनवर सांगितलं होतं. मला कोणी सांगितलं नाही, कारण मी विचारलं नव्हतं.

संध्याकाळी मी मागच्या अंगणात, पाण्याच्या टाकीपाशी गेलो. वर दादा घराबाहेरच्या गॅलरीत उभे होते. बाजारातून आले की ते लगेच आत जात नाहीत. खिडकीची काच बंद होती आणि काचेमागे जनाकाकी. डोक्याला रुमाल बांधलेल्या त्या आवाज न करता बोलत होत्या. लग्नानंतर काकींनीही त्याच कारखान्यात धाग्याच्या कांड्या भरल्या होत्या. बोलता बोलता त्यांनी कोणाची तरी नक्कल केली असावी, कारण दादा कठड्याला धरून हसले.

काकी आत गेल्यावर दादांना मी दिसलो. अंगणात दुसरं कोणी नव्हतं. मी मास्क खाली केला आणि आवाज न काढता, ओठ चांगले ताणून विचारलं, काकी कशा आहेत?

दादांनी तळहात आडवा धरून इकडून तिकडे, तिकडून इकडे नेला. मागातला धोटा फिरतोय, लूम चालू आहे. तेवढं मला कळलं.

मग त्यांनीही मास्क हनुवटीवर घेतला आणि ते तसेच, आवाज न काढता बोलायला लागले. कठड्यावर पुढे वाकून, हातवारे करत, मधेच थांबून, आठवून पुन्हा. त्यातलं एक अक्षर मला कळलं नाही. मी टाकीला टेकून, ते बोलत होते तोवर मान डोलवत राहिलो. दिवेलागण झाली तरी त्यांचं संपलं नव्हतं.