लोंढे सरांची तेवीस कलमं

लोंढे सरांना कुणी नमस्कार केला की ते आधी त्या माणसाच्या डाव्या हाताची नखं बघत. तोंड नंतर. आमची पहिली भेट झाली तेव्हा त्यांनी माझा हात हातात घेतला. मला वाटलं, माणूस प्रेमळ दिसतो. तर त्यांनी खिशातून किल्ल्यांचा जुडगा काढला, त्यातलं नेलकटर उघडलं आणि म्हणाले, "करंगळी वाढलीय." मी चित्रकलेचा शिक्षक, व्हायोलिनशी माझा काडीचाही संबंध नाही, हे मी सांगेपर्यंत करंगळी कापून झाली होती.

पुढे एकदा शाळेच्या तपासणीला एक साहेब आले. हेडमास्तरांनी हार घातला आणि एकेका शिक्षकाची ओळख करून दिली. लोंढे सर साहेबांच्या हाताकडे बघत राहिले. हेडमास्तर डोळ्यांनी 'नको, नको' म्हणत होते, पण सर बोललेच. "साहेब, अंगठा चालंल. पण मधलं बोट न्हाय चालायचं." साहेब चांगले होते. त्यांनी शेरेबुकात 'शाळेत स्वच्छतेवर विशेष भर दिला जातो' असं लिहिलं आणि निभावून गेलं.

ही पंचाण्णव-शहाण्णवच्या सुमाराची गोष्ट. आमची शाळा इंदापूर तालुक्यात, शेळगावच्या अलीकडे, चारी बाजूंनी उसात बुडालेली. अशा ठिकाणी व्हायोलिन येण्याचं कारण म्हणजे संस्थेचे अध्यक्ष. त्यांना सगळा मुलूख आबा म्हणायचा. आबा एकदा पुण्याला नातवाच्या शाळेतल्या कार्यक्रमाला गेले. तिथे पोरांची रांगच्या रांग व्हायोलिन वाजवताना बघितली आणि परत येताना गाडीतच निर्णय झाला. "आपली पोरं काय कमी हायेत व्हय? घ्या डझनभर." बारा व्हायोलिनं आली. शिकवणारा कोण, हा प्रश्न ती आल्यानंतर सुचला. शोधाशोध झाली तेव्हा बारामतीत खासगी वर्ग चालवणारे लोंढे सर सापडले.

सर मूळचे लोणी भापकरचे. तरुणपणी पुण्यात एका छापखान्यात खिळे जुळवायचे. शेजारच्या खोलीत एक म्हातारे गोवेकर मास्तर राहायचे. छापखाना सुटला की सर त्यांच्या दारात. मास्तरांनी त्यांना व्हायोलिन शिकवलं आणि शेवटी शेवटी स्वतःचा बो देऊन टाकला. बो म्हणजे तारांवर ओढायची ती काठी, जिला घोड्याच्या शेपटीचे केस ताणून बसवलेले असतात. मास्तरांचा तो बो सर स्वतःच्या बायकोलाही हाताळू देत नसत.

रुजू झाल्यावर पहिल्याच आठवड्यात ते माझ्याकडे आले. माझं अक्षर बरं म्हणून शाळेच्या सायक्लोस्टाइलची सगळी स्टेन्सिलं मीच कापायचो. त्यांच्या कागदावर वर लिहिलं होतं, 'व्हायोलिन वर्गातील नवशिक्या विद्यार्थ्यांकडून अपेक्षा'. खाली सहा कलमं. डाव्या हाताची नखं कापलेली असावीत. बोच्या केसांना बोट लावू नये. वाद्य उन्हात ठेवू नये. रोज पंधरा मिनिटं घरी सराव करावा. वर्गाला वेळेवर यावं. या कागदावर पालकांची सही आणावी.

"सहाच? मग बरंच आहे की," मी म्हटलं.

"वाढत्याल," सर म्हणाले.

आणि वाढली. सातवं कलम होतं, वाद्याची पेटी उशाला घेऊन झोपू नये. आठवं, पेटीत भाकरी ठेवू नये. नववं सांगताना सर थरथरत होते. "आत मखमल हाय म्हणून त्यात अंडी ठेवली हो! खुडूक कोंबडी बसवनार हुते!" मी शांतपणे लिहिलं, 'पेटीचा वापर कुक्कुटपालनासाठी करू नये.' अकरावं कलम हळदीच्या कार्यक्रमाला वाद्य उसनं देण्याबद्दल होतं. दर वेळी नवीन स्टेन्सिल, नवीन कागद आणि पालकांची नवीन सही. एक पालक मला म्हणाले, "पोरगं शाळंत घातलं तवाबी येवढ्या सह्या न्हाय केल्या."

चौदाव्या कलमाची हकिगत मोठी आहे. पाचवीतल्या एका मुलाचे वडील, त्यांना तात्या म्हणत, एक दिवस शाळा भरायच्या आधीच दारात येऊन उभे राहिले. "सर, तुमच्या त्या वाजपानं माज्या म्हशीनं पान्हा चोरलाय. दोन दिस झालं, शेर दूध न्हाय."

लोंढे सरांनी सायकल काढली. गोठ्यात गेले. पोराला म्हशीसमोर उभं केलं आणि वाजवायला सांगितलं. स्वतः म्हशीचं तोंड बघत उकिडवे बसले. परत आल्यावर मी विचारलं, काय झालं?

"तिचं बरोबर हाय," सर म्हणाले. "पोरगं बेसूर हाय."

चौदावं कलम असं झालं, 'सराव धार काढून झाल्यावरच करावा.'

सर शिकवत काय होते, तर मोकळी तार. डाव्या हाताचं एकही बोट न टेकवता नुसता बो ओढायचा. एकदा खाली, एकदा वर. जूनमध्ये मोकळी तार, गणपतीत मोकळी तार, दिवाळीची सुट्टी लागली तरी मोकळी तार. माझा वर्ग भिंतीपलीकडे. त्या आवाजात माझी मुलं वडाचं झाड काढायची आणि सगळ्या पारंब्या वाकड्या यायच्या. मधून मधून सरांचा आवाज यायचा, "बो हाय त्यो, कोयता न्हाय!" "खांदा पाड!" "मान ताठ ठिव, नवरदेवावानी!" मुलींनाही नवरदेवावानीच.

पालक विचारायचे, "सर, गाणं कवा?"

"आधी मोकळी तार."

दिवाळीनंतर आबांनी त्यांना बोलावून घेतलं. मी तिथेच होतो. "लोंढे सर, जानेवारीत स्नेहसंमेलन हाय. पाव्हनं बोलावल्यात. आख्खं गाणं झालं पायजे. न्हाय झालं, तर व्हायोलिनं परत करतो अन् तुमच्या तासाला इंग्रजी ठेवतो."

"मग इंग्रजी ठेवा," सर म्हणाले आणि नमस्कार करून बाहेर पडले. जाताना आबांच्या डाव्या हाताकडे त्यांनी नजर टाकलीच.

त्यांची समजूत घालायचं काम हेडमास्तरांनी माझ्या गळ्यात मारलं. मी सरांना इंदापूरच्या स्टँडवर गाठलं आणि कँटीनमध्ये नेलं. भजी मागवली. डावा हात तेलकट व्हायला नको म्हणून तो टेबलाखाली ठेवून त्यांनी नुसत्या उजव्या हाताने खाल्ली. मी सरळ विचारलं, एक साधं गाणं शिकवायला तुमचं काय जातं?

सरांनी भज्याचा एक तुकडा मोडला. मग म्हणाले, "पोरं जात्यात, जगताप सर."

"म्हणजे?"

"बारामतीत म्या बारा वर्षं शिकवलं. पोरगं येतं, चार महिन्यांत एक गाणं वाजवतं. आईबाप कुनाच्या तरी बारशाला त्याला उभं करत्यात, लोकं टाळ्या वाजवत्यात. घरची म्हनत्यात, आलं की आता. दुसऱ्या दिवशी पोरगं येत न्हाय. रस्त्यात भेटतं, वाकून पाया पडतं. व्हायोलिन कुठं रं, म्हनून इचारलं, तर माळ्यावर हाय म्हनतं." त्यांनी भज्याचा तुकडा बशीत परत ठेवला. "मोकळी तार हाय तवर येत्यात. गाणं ऱ्हायलंय असं वाटतं न्हवं त्यास्नी."

मी इतके महिने ज्याला हट्टीपणा समजत होतो, त्याच्या मुळाशी हे होतं. मला वाईट वाटलं. पण गाणं शिकवलं तर मुलं जाणार आणि नाही शिकवलं तर वर्गच जाणार, हे त्यांनाही दिसत होतं. सोमवारपासून भिंतीपलीकडून शाळेच्या प्रार्थनेची पहिली ओळ ऐकू यायला लागली.

लाइटचा भरवसा नव्हता म्हणून संमेलन दुपारीच ठेवलं होतं. कार्यक्रमाला अर्धा तास उरला असताना सहावीतली आश्विनी रडत आली. बारा जणांत तिचा हात सगळ्यात चांगला होता. ती बो ओढत होती आणि आवाजच निघत नव्हता, नुसती सळसळ. सरांनी बो घेतला आणि नाकाशी नेला. खोबरेल तेलाचा वास मलाही आला.

बोच्या केसांना राळ घासतात. तिची पांढरी पूड केसांवर बसते. त्या पुडीमुळेच केस तारेला धरतात आणि सूर निघतो. नेमकी तीच पूड आश्विनीच्या आईच्या नजरेला पडली होती. दुसऱ्याच्या रानात खुरपायला जाणारी बाई, आज इस्त्रीची साडी नेसून पोरीच्या मागेच उभी होती. पोरीच्या दोन वेण्या, लाल रिबिनी, सगळं जिथल्या तिथे.

"लई कोंडा झाला हुता सर त्याला," बाई कौतुकाने म्हणाल्या. "म्हनलं, आज पोरगी समद्यांम्होरं उभी ऱ्हानार. सकाळी हिला न्हाऊ घातलं, तवाच त्यालाबी घातलं. शिकेकाईनं धुतला, उनात वाळवला, मग खोबऱ्याचं त्याल लावलं. चांगलं चोपून."

केसांना नुसतं बोट लावलं म्हणून सरांनी एका मुलाला तासभर कोपऱ्यात उभं केलेलं मी पाहिलं होतं. सरांनी बो उजेडाला धरून निरखला. मग ते बाईंकडे वळले.

"इंचरलाबी का?" त्यांनी विचारलं.

"व्हय तर. बारीक फणीनं."

"बरं केलं," सर म्हणाले. मग त्यांनी स्वतःची पेटी उघडली, गोवेकर मास्तरांचा बो काढला आणि आश्विनीच्या हातात दिला. "घे. रडू नगं. हलका धर."

सर स्टेजवर रिकाम्या हातांनीच उभे राहिले आणि त्यांनी इशारा केला. पहिली ओळ कुणालाच कळली नाही. दुसऱ्या ओळीला पाचवी-सहावीच्या पोरांना संशय आला. तिसऱ्या ओळीला खात्री पटली की ही आपली प्रार्थनाच आहे. प्रार्थना सुरू झाली की काय करायचं हे त्यांच्या अंगात भिनलेलं. चारशे पोरं हात जोडून, डोळे मिटून ताडकन उभी राहिली. ते बघून गुरुजन उठले, मग पालक, मग तात्या. शेवटी पाहुणे आणि आबाही उठले. आबा नंतर आठवडाभर सांगत होते, "अख्खी सभा उभी केली पोरांनी! असं तर पुण्यातबी न्हाय झालं." वर्ग वाचला.

रविवारी सर एसटीने पुण्याला गेले आणि तेल लागलेला बो नवे केस बसवून घेऊन आले. सोमवारी सकाळी मी चोविसावं कलम लिहूनच त्यांच्याकडे गेलो, 'बोच्या केसांना तेल लावू नये.' सरांनी कागद वाचला आणि मला परत दिला.

"हे नगं," एवढंच म्हणाले. अपेक्षापत्र तेवीस कलमांवरच राहिलं.

तासाची घंटा झाली. चार मुलं आली. पाच मिनिटं गेली, दहा गेली. बाकीची शेजारच्या मैदानावर कबड्डी खेळताना खिडकीतून दिसत होती. त्यांना गाणं आलं होतं. सर दारात उभे होते, रस्त्याकडे बघत. हा माणूस असा एवढासा झालेला मी कधी पाहिला नव्हता. शेवटी आश्विनी आली, पण ती येत नव्हती, तिची आई तिला दंडाला धरून आणत होती.

"सर, म्या लई मोठी चूक केली म्हनं," बाई म्हणाल्या. "पोरगी दोन दिस जेवली न्हाय. म्हनती, आता सर मला घ्यायचं न्हाईत. मला शिक्षा द्या, पर तिला काडू नका. तिला अजून येत न्हाय व्हो सगळं. एकच तर गाणं झालंय."

सरांनी ते शेवटचं वाक्य ऐकलं आणि ते दारातून आत वळले. त्यांनी टेबलावरचा बो घेतला आणि राळेची वडी बाईंपुढे धरली. "ताई, ही राळ. नव्या केसाला पैल्यांदा लई लागती. तुमीच लावा."

बाई फरशीवर बसल्या. बो मांडीवर घेतला आणि वडी या टोकापासून त्या टोकापर्यंत ओढू लागल्या. सर शेजारी उकिडवे बसून सांगत होते, "हळू. आता उलटी. मधी कमी झाली." असं बराच वेळ चाललं. मग आश्विनीने बो तारेवर ठेवून ओढला. सूर आला, मोठा आणि सरळ. आई लाजून हसली.

सर उठून खिडकीशी गेले. मी जवळ गेलो तेव्हा ते रुमालाने डोळे पुसत होते. "लोकं माळ्यावर टाकत्यात ओ," ते हळूच म्हणाले. "ह्या माउलीनं त्याला न्हाऊ घातलं."

बाईंना कामावर जायचं होतं. त्या पदर सावरत निघाल्या, तसे सर दारापर्यंत गेले. "ताई, फुडच्या सोमवारीबी या. राळ आठवड्याला लावायला लागती, अन् ती मोठ्या मानसानंच लावायची असती."

राळ मुलं स्वतःच लावतात, एका मिनिटात होतं, हे इतके महिने भिंतीपलीकडून ऐकून मला ठाऊक झालं होतं.