झुलालभाऊंचा अर्धा गुडघा

रुपचंद नारखेडे म्हणजे खान्देशातला सर्वश्रेष्ठ गुप्तहेर, असं खुद्द रुपचंद नारखेडे यांचं मत होतं. माणसाच्या चपलेची झीज पाहून ते त्याची सासुरवाडी सांगत. (गाव चुकायचं. सासुरवाडी असायची.) वेषांतर तर असं, की जळगावच्या मे महिन्यात मफलर गुंडाळून फिरणारा दुसरा माणूस सापडला नसता.

सहायक अतिक. म्हणजे हवी होती अतिकची रिक्षा. अतिक तिच्यासोबत आला.

प्रकरण असं. डाळमिलमध्ये पोतं वाहताना झुलालभाऊ घसरले, अर्धा गुडघा बदलावा लागला. विमा कंपनीला प्रश्न पडला: ऑपरेशन उत्तम झालं, मग हा माणूस अजून खाटेवर का? त्याच डॉक्टरांनी तसाच गुडघा बसवलेल्या धुळ्याच्या रिटायर्ड वच्छलाबाई तर देवीच्या गडाच्या पायऱ्या चढून आल्या! ढोंग ठरलं तर झुलालभाऊंची भरपाई गेली, मिलमधली जागाही गेली.

कंपनीने नेमलेल्या रुपचंदांनी जळगावच्या मेहरूणमध्ये, झुलालभाऊंच्या दारासमोरच्या निंबामागे मुक्काम ठोकला.

संशय पहिला. सोंग. पण भाऊ झोपेतही कण्हत होते. रद्द.

संशय दुसरा. डॉक्टरांनी चुकून चांगला अर्धा काढला.
"आणि खराब अर्धा?" अतिकने विचारलं.
"पुरावा म्हणून आत ठेवला."
रद्द. (कारण दिलेलं नाही.)

संशय तिसरा. "अदलाबदल! बाईंना हमालाचा गुडघा मिळाला, म्हणून त्या गड चढतात. भाऊंना मिळाला रिटायर्ड बाईंचा. तो पोतं कशाला उचलेल?"
"साहेब, दोघांनाही नवाच बसवलाय."
रुपचंदांनी मफलर घट्ट केला.

संशय चौथा...

चौथा सुचायच्या आत झुलालभाऊंची बायको सुंदरबाई पाण्याचा तांब्या घेऊन निंबामागे आली.

"ल्या भाऊ, पानी प्या. बठ्ठं तुमनामुयेच शे!" मग साहेबांना कळावं म्हणून ती शुद्ध बोलू लागली. "सगळं तुमच्यामुळेच आहे! डॉक्टर म्हणाले, रोज चाला, नाहीतर गुडघा आखडेल. मिलमधले हमाल म्हणाले, कंपनीचा माणूस येईल, चालताना दिसलास तर केस गेली. आणि तुम्ही आलातच! तुम्ही इथून हलत नाही, म्हणून हे खाटेवरून हलत नाहीत. गुडघा लाकूड झाला की हो!"

"म्हणजे गुन्हेगार..."

"मफलरवाला," अतिक म्हणाला.

रुपचंद घरात गेले. एका बाजूने अतिक, दुसऱ्या बाजूने ते. झुलालभाऊ उठले. गुडघा जरासा वाकला आणि भाऊंनी अशी बोंब ठोकली की निंबावरचे कावळे उडाले.

"खरंच दुखतं?" रुपचंदांनी विचारलं.

"नही, गानं म्हनी राह्यनू!"

अंगणाच्या टोकापर्यंत जाऊन तिघे परतले. रुपचंदांनी तिथेच कंपनीला फोन लावला. "दुखणं खरं आहे. आणि यांना रोज चालताना बघितलं, तर तक्रार करू नका. डॉक्टरांनी सांगितलंय." फोन ठेवून ते निघाले.

"भाऊ," झुलालभाऊंनी धापा टाकत हाक मारली. "उद्या बी या. लपाले नही. हात धराले."