तीन सिनेमे आणि सिस्टरांचं मत

समीक्षकांनी डोळे तपासायला नेमका गुरुवार निवडला आणि तिथेच सगळं बिघडलं. दर गुरुवारी हॉलिवूडचे तीन नवे सिनेमे पत्रकारांना दाखवत आणि संध्याकाळी सातच्या आत त्यांवरचं सदर पेपरात पोचावं लागे. एकवीस वर्षं यात खंड नव्हता. अलीकडे मात्र संपादक "तुमचं लिहिलेलं वाचकांना कळत नाही हो" म्हणत सदर बंद करण्याच्या गोष्टी करू लागले होते.

डॉक्टरांनी डोळ्यांत थेंब घातले. "उद्या सकाळपर्यंत अंधुक दिसेल. लिहिणं-वाचणं बंद."

"आणि सिनेमा?"

"बघा की. दिसला तर."

बायको हॉस्पिटलात सिस्टर. तिची त्या दिवशी सुट्टी होती. समीक्षक म्हणाले, "अगं, काय दिसतंय तेवढं कानात सांग. मत माझं मी बनवीन."

"म्हणजे डोळे माझे आणि अक्कल तुमची? चला." (सुट्टीत तिला पंखे पुसायचे होते. त्यापेक्षा हॉलिवूड बरं.)

पहिला भयपट. किंकाळी उठली.

"काय झालं गं?"

"एकाच्या मांडीला जखम झालीय आणि चौघं नुसते ओरडतायत. जखम दाबून धरायचं एकालाही सुचत नाही!"

"पण भूत कुठाय?"

"भुताचं राहू द्या हो, रक्त किती जातंय!"

दुसरा अंतराळातला.

"आता?"

"सगळे काचेच्या पेट्यांत झोपलेत. दोनशे वर्षं." जरा वेळाने ती उसळली. "उठले आणि लगेच पळाले! आमच्याकडे चार दिवस पडून असलेला पेशंट धरल्याशिवाय बाथरूमपर्यंत जात नाही."

समीक्षक मनात 'गोठलेल्या अस्तित्वाची शोकांतिका' असं काहीतरी जुळवत होते, ते पार विस्कटलं.

तिसरा प्रेमपट. एका म्हाताऱ्या जोडप्याचा. यात मात्र बायको मध्येच गप्प झाली. फक्त नाक ओढल्याचा आवाज. समीक्षकांना भरून आलं. किती वर्षांत आपण हिला सिनेमाला आणलं नाही! त्यांनी तिचा हात हळूच हातात घेतला, थोपटला. हात जरा केसाळ वाटला.

"अहो, मी इकडे आहे," डावीकडून बायको म्हणाली.

उजवीकडे दुसऱ्या दैनिकाचे समीक्षक होते. दोघांत नऊ वर्षं बोलणं नव्हतं. "राहू द्या," ते रडवेल्या आवाजात म्हणाले, "मलाही फार लागलं ते."

घरी आल्यावर समीक्षकांनी डोळ्यांवर ओला रुमाल ठेवला आणि बायकोला मजकूर सांगायला घेतला. पहिला परिच्छेद झकास जमला. त्यात 'दृश्यभाषा' चार वेळा आली. दुसऱ्याच्या सुरुवातीलाच ते घोरू लागले. बायकोने दोनदा हलवलं, घड्याळ पाहिलं. सातला दहा कमी. नवऱ्याचं एकवीस वर्षांचं सदर बुडायची वेळ आली होती. तिने पदर खोचला आणि उरलेलं स्वतःच लिहून पाठवून दिलं.

सकाळी संपादकांचा फोन. "अहो, काय लिहिलंय! सकाळपासून वाचकांचे फोन थांबत नाहीत. सदर बंद करायचं नाव नको आता!"

समीक्षकांना राहवलं नाही. "खरं सांगतो, ते आमच्या मंडळींनी लिहिलंय."

"ते कळलंच. 'आमच्या ह्यांनी शेजाऱ्याचा हात धरला' असं तुम्ही कशाला लिहाल?"

समीक्षकांनी स्वयंपाकघराकडे पाहिलं. बायको ड्युटीचा डबा भरत होती. त्यांना तिचा फार अभिमान वाटला. तरीही घसा साफ करून ते म्हणाले, "पहिला परिच्छेद मात्र संपूर्ण माझा हं."

"तो होय?" संपादक म्हणाले. "तो काढला. तिथे मोज्यांची जाहिरात अगदी बरोब्बर बसली."