चुलीत गेलेला शिपाई

“माझा शिपाई कुनाच्या पुडीत बांधून दिला? बोल शेठ, जल्दी बोल!”

परतूरच्या भरल्या बाजारात किसनतात्या मापारी मोतीशेठ वाण्याच्या दुकानापुढं उभे राहून ओरडत होते. कमरेला उपरण्यानं बसायचा पाट बांधलेला. आवाज असा, की स्टेशनात उभ्या मालगाडीच्या ड्रायव्हरला गार्डाची शिट्टी झाली असं वाटलं आणि त्यानं गाडी सोडून दिली. खोटं वाटत असेल तर वाटू द्या, मी तिथंच होतो.

शिपाई छापलेला होता. मोतीशेठकडं पुड्या बांधायला मुंबई-पुण्याच्या वर्तमानपत्रांची रद्दी यायची. निजामाच्या मुलखात आम्हाला जगाची खबर कळायची ती हळद-जिऱ्यासोबत, आणि तीही शिळी. खबरीशी तात्यांना देणंघेणं नव्हतं. त्यांचा जीव व्यंगचित्रांवर. एकच चौकट, तिच्यात लांब नाकाचा वकील नाहीतर फुगलेला साहेब, आणि खाली एक ओळ, संपलं. रद्दी निवडून मिळणार नाही, हा मोतीशेठचा कायदा. म्हणून चित्र दिसलं की तात्या म्हणायचे, “त्या कागदात बांधा.”

“काय बांधू?”

“काय बी बांधा.”

अशानं त्यांच्या घरात एवढं जिरं साठलं होतं, की वारा सुटला तर कोसो दूर मंठ्यातली माणसं फोडणीच्या वासानं जेवायला उठायची. आडतीवर धान्य मापणारा हा माणूस चित्र उजेडाला धरायचा, साहेबाचं पोट बोटानं मोजायचा, “बराबर हाय” म्हणायचा आणि कागद टोपीत ठेवायचा.

हे सगळं कशासाठी, ते मला ठाऊक होतं, कारण आमची भिंतीला भिंत. सखूवहिनींचे डोळे देवीच्या साथीत गेले आणि त्यांनी बोलणंच टाकलं. भाकरीचा तुकडा मोडायच्या आणि ताट सारायच्या. तात्या त्यांच्यापुढं बसून चित्रातलं तोंड स्वतःच्या तोंडावर करायचे. गाल फुगवायचे, ओठ वाकडे करायचे, आणि त्यांचा हात धरून गालावर फिरवायचे. “ह्यो साहेब. बघ, केवढा गाल हाय.” वहिनी हात फिरवू द्यायच्या, मग काढून घ्यायच्या. शब्द नाही. तात्या दुसऱ्या दिवशी नवीन तोंड घेऊन हजर.

त्या दिवशीच्या चित्रातला साहेब खुर्चीत अडकला होता. तो उठला की खुर्चीही त्याच्यामागं उठायची. पुढं एक वाळका शिपाई हात जोडून काहीतरी बोलत होता. तात्यांनी गाल फुगवले, कमरेला पाट बांधला आणि उठून दाखवलं. वहिनींनी पाट चाचपला. सगळा चाचपला. मग म्हणाल्या, “मंग शिपाई काय म्हनला?”

तात्यांनी कागद पाहिला, तर खालची ओळच नव्हती. मोतीशेठ गुडघ्यावर घडी घालून कागद टरकावतो. चित्र तात्यांच्या मिठावर आलं होतं, ओळ भलत्याच गिऱ्हाइकाकडं गेली होती. “आलोच,” म्हणून तात्या सुटले. पाट सोडायचंही भान नव्हतं.

“त्या कागदात हळद बांधल्ती,” मोतीशेठ म्हणाला. “फातिमाबीनं नेली. अन् पाट कशाला आनला, पुजा हाय का?”

आम्ही फातिमाबीच्या दारात गेलो.

“वो कागज? चूल्हे में गया भाई. लकडी गिली थी, क्या करती?”

“कुनी वाचला व्हता का?”

“हमारे घर में मराठी कौन पढता? हल्दी है, होना क्या?” तिनं हळदीची मूठ पुढं केली.

तात्या चुलीपुढं बसले. पाट कमरेलाच होता, त्यावरच बसले. काडीनं सगळी राख चाळली. मला ते बघवेना. मी म्हणालो, “तात्या, द्या काहीतरी ठोकून. शिपाई म्हनला, ‘सायेब, आता बदली झाली तर खुर्चीचं बी तिकीट काढावं लागंल.’ वहिनींना काय कळतंय?”

तात्यांनी काडी खाली ठेवली. “डोळे गेल्यापासून पैल्यांदा ती काई इचारून राह्यली. तिला खोटं सांगू?”

मी त्यांना हात देऊन उठवलं आणि पुन्हा खोटं सुचवलं नाही. माझ्या बाबतीत ही गोष्ट सूर्य परभणीकडून उगवायचा थांबावा, तशातली आहे.

घरी जाऊन त्यांनी दार लावून घेतलं. मी भिंतीला कान लावला नाही. लावला असता तर आतापर्यंत सांगून मोकळा झालो असतो.

सकाळी आडतीवर ते ज्वारी मापत होते.

“काय सांगितलं मंग?”

“जे झालं ते. शिपाई फातिमाबीच्या चुलीत गेला म्हनलं.”

“अन् वहिनी?”

तात्यांनी माप भरलं, वरून हात फिरवून सपाट केलं.

“हासली. मंग भाकर मागितली.”