सासूबाईंचा चाफा आणि दोन जावई

"झाड सांभाळणं म्हणजे काय हो! बोलत नाही, रुसत नाही, 'नंबर चुकला' म्हणून चष्मा परत आणत नाही!" धाकटे जावई छातीठोकपणे म्हणाले. त्यांचं चष्म्यांचं दुकान होतं, त्यामुळे जगातल्या सगळ्या कटकटी त्यांना गिऱ्हाइकांवरूनच कळत. बायकोनं नुसतं त्यांच्याकडे पाहिलं. लग्न मुरलेलं असलं की एवढं पुरतं.

झाड सासूबाईंचं होतं. पांढरा चाफा. माहेरच्या अंगणातली फांदी लावून वाढवलेला, माणसाएवढा उंच, पिंपात लावलेला. सासूबाई निवृत्त मुख्याध्यापिका. शाळा सुटली, पण मार्क देणं काही सुटलं नव्हतं. घरातल्या परीक्षेत थोरले जावई कायम पहिले. ते हाडांचे डॉक्टर. ते आले की सासूबाई कपाटातली कपबशी काढत. धाकटे आले की ओट्यावर असेल तो मग पुढे येई. एकदा तर त्या मगात दाढीचा ब्रश होता! या भेदभावानं धाकटे जावई आतून खदखदत होते. एकदा, फक्त एकदा डॉक्टरांच्या बरोबरीला बसायचं, एवढीच त्या जिवाची इच्छा होती.

आणि संधी चालून आली. सासूबाई काही महिन्यांसाठी मुलाकडे निघाल्या. डॉक्टरांना त्यांनी मागेच या चाफ्याची एक फांदी दिली होती. आता मूळ झाड मात्र धाकट्यांच्या गॅलरीत आलं! निघताना सासूबाईंनी बजावलं, "जावईबापू, याला काही करू नका हं. नुसतं असू द्या."

"छे छे, काही नाही करणार," जावई म्हणाले आणि गाडी वळताच झारी आणायला धावले.

"अहो, आई नको म्हणाली ना?" बायकोनं विचारलं.

"तुला तुझी आईच कळत नाही. 'काही आणू नका' म्हणतात तेव्हा आपण हात हलवत जातो का? त्यांच्या तोंडी 'नको' म्हणजे 'बघते हं काय करता ते!'"

झालं! सकाळ-संध्याकाळ पाणी. खत. मग तांदळाचं धुवण. दुपारी उन्हाचा त्रास नको म्हणून ओला टॉवेल. आणि या सेवेनं खूश होऊन चाफ्यानं काय करावं? पानं गाळायला सुरुवात केली! आधी एक पिवळं, मग चार, मग धबाधब. थंडीत चाफा पानं टाकून झोपतो, तेव्हा त्याला पाणी लागतच नाही, ही साधी गोष्ट कुणालाही माहीत असते. पण जावयांनी कुणाला विचारलं असतं तर ना! पानं गळतात म्हणजे तहान लागली, असं ठरवून त्यांनी पाणी दुप्पट केलं.

शेवटी राहिल्या नुसत्या करड्या खुंट्या. त्यांनी मोबाइलमधल्या झाडं ओळखणाऱ्या ॲपला फोटो दाखवला. ॲपनं बराच विचार करून सांगितलं, "हे झाड नाही. बहुधा कपडे अडकवण्याचा स्टँड असावा."

बुंधा दाबून पाहिला, तर पिकलेल्या पपईत जावं तसं बोट आत! आणि नेमका त्याच वेळी सासूबाईंचा निरोप आला, "उद्या व्हिडिओ कॉल करते. चाफा दाखवा."

धाकटे जावई हातपाय गाळून बसणाऱ्यांतले नव्हते. (बसले असते तर झाड वाचलं असतं.) दुकानात अर्ध्या फ्रेमच्या चष्म्यांची काच धरून ठेवणारा बारीक नायलॉनचा दोरा होता. जिन्यात कुणाचं तरी रबराचं झाड होतं. रात्रीचं जेवण होईपर्यंत चाफा हिरवागार झाला आणि जिना टकला!

"कुठे आहे माझा चाफा?" सासूबाई पडद्यावर अवतरल्या. जावयांनी मोबाइल मुद्दाम लांब धरला. सासूबाईंनी डोळे बारीक केले. मग, "अगं बाई! या दिवसांत पानं?"

जावयांनी मोबाइल आणखी एक पाऊल मागे नेला.

"डॉक्टरांच्या चाफ्याला औषधालाही पान नाही! जावईबापू, तुमचा हातगुण म्हणायचा!"

बस! सासूबाईंनी घराण्याच्या ग्रुपवर जाहीर कौतुक केलं. चुलतसासरे, मामेसासू, कोण कोण अंगठे उंचावू लागले. जावई आरशापुढे उभं राहून केस विंचरता विंचरता "हातगुण!" असं पुटपुटायला लागले. बायको म्हणाली, "हातगुण कसला, दोऱ्याचा गुण!" पण ऐकतो कोण?

इथेच थांबलं असतं तरी चाललं असतं. पण सासूबाईंनी डॉक्टरांना फर्मान सोडलं, "तुमचाही चाफा धाकट्यांकडे पोचता करा. तुमच्याच्यानं व्हायचं नाही!"

रविवारी डॉक्टर स्वतः कुंडी उचलून आले. चेहरा असा, की जणू स्वतःचंच हाड मोडलंय! आत येताच त्यांनी सासूबाईंच्या चाफ्याचा बुंधा दाबला, एक पान ओढलं, दोरा पाहिला.

"साडूभाऊ, हा पेशंट गेलेला आहे."

"डॉक्टर, पाया पडतो! सासूबाईंना सांगू नका!"

डॉक्टरांनी गॅलरीचं दार लावून घेतलं. "मी कोणत्या तोंडानं सांगू? आईंची फांदी माझ्याकडे येतानाच वाटेत पिचली होती. मी प्लास्टर घातलं."

"झाडाला?"

"सवय हो! आत कुजून मेली. हा चाफा नर्सरीतला आहे. मी तो फुलायला लागला की कळ्या खुडतो. रंग कोणता निघेल कुणास ठाऊक!"

गॅलरीत दोन मेलेल्या झाडांचं गुपित आणि एकच जिवंत झाड! आता वाद सुरू झाला, की मेलं कुणाचं म्हणायचं?

"तुमचं म्हणा. तुमचं नाव मोठं आहे, खपून जाईल," धाकटे म्हणाले.

"वा! जगलेलं झाड मी आणलं आणि मेलेलं माझं?"

"पण हातगुण माझा जाहीर झालाय!"

दोन सुशिक्षित गृहस्थ कुंडीला दोन बाजूंनी धरून ओढत होते. अखेर डॉक्टरांनी जिवंत झाडाच्या बुंध्याचं बेचकं न्याहाळलं आणि बाही सरसावली. "करवत आहे?"

नर्सरीच्या चाफ्याचे दोन उभे भाग झाले. पांढरा चीक दोघांच्या शर्टांवर उडाला. एक फांदी सासूबाईंच्या पिंपात, मेलेल्या बुंध्याच्या जागी, दुसरी डॉक्टरांच्या कुंडीत. बायको दारातून म्हणाली, "एक लेकरू आणि दोन बाप! चांगलंय!" पण चाफा मोठा सोशिक. दोघांनी भीतीपोटी पाणी घातलं नाही, आणि म्हणूनच दोन्ही फांद्या रुजल्या.

उन्हं तापली आणि सासूबाई परतल्या. डॉक्टर सकाळीच आपली कुंडी घेऊन स्वागताला हजर. आणि पाहतात तर कळ्या खुडायच्या राहून गेलेल्या, रातोरात दोन्ही फांद्यांना तुरे फुललेले. गर्द गुलाबी!

"खडूची पूड लावू या?" धाकटे कुजबुजले.

"मुख्याध्यापिकेला? खडूची?" डॉक्टरांना घाम फुटला.

बेल वाजली. सासूबाई तडक गॅलरीत. एका कुंडीजवळ गेल्या, दुसरीजवळ गेल्या. फुलं पाहिली. मातीलगतची करवतीची खूण पाहिली. इकडची तिकडे जुळत होती. पिंपाच्या तळाशी नायलॉनचा एक तुकडा राहिला होता, तो त्यांनी चिमटीत धरला आणि हळूच खाली ठेवला. त्यांच्या आईच्या अंगणातला चाफा होता तो. धाकट्यांना खरोखर मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मग सासूबाईंनी दोघांकडे वळून, बाकावर उभं केलेल्या पोरांकडे पाहावं तसं पाहिलं.

"आजवर मी डॉक्टरांना जरा हुशार समजत होते," त्या म्हणाल्या. "माझीच चूक. दोघांत डावं-उजवं करायला जागाच नाही!"

डॉक्टरांनी मान खाली घातली. धाकट्या जावयांनीही घातली. पण खोटं कशाला बोला, मान खाली घालता घालता त्यांनी एकवार बाजूला पाहून खात्री करून घेतली. दोन्ही माना अगदी सारख्याच झुकल्या होत्या.