पहिल्या रांगेतला रुमाल

गाडीच्या खिडकीतून रुमाल टाकला की जागा आपली, हा नियम कोणत्याही कायद्याच्या पुस्तकात नाही. तरीही चौक-कर्जत रस्त्यावर तो मोडलेला मी कधी पाहिला नाही. आमचे हे, म्हणजे माझ्या नातीचे, मेघाचे आजोबा, त्या रस्त्यावर एकतीस वर्षं एसटीचे कंडक्टर होते. दोन माणसं एका बाकावरून भांडू लागली की ते एवढंच विचारायचे, "रुमाल कुनाचा?" ज्याचा रुमाल तो बसायचा, दुसरा दांडा धरून उभा राहायचा. १९७८ साली एका फौजदाराला त्यांनी कर्जतपर्यंत उभ्याने नेलं होतं, कारण बाकावर सोनुबाई भाजीवालीचा रुमाल होता आणि सोनुबाई अजून गाडीत चढायची होती. फौजदाराने हरकत घेतली नाही. माणसं तेव्हा कायद्यापेक्षा रुमालाला जास्त मानत.

हे आधीच सांगितलं, कारण पुढे पॅरिसमध्ये जे झालं त्याचा दोष माझ्यावर येतो. तो माझ्या वळणावर जावा, एवढीच विनंती.

मेघा तिकडे पॅरिसला कपड्यांच्या एका मोठ्या कंपनीत शिवणकाम करते. कंपनीचं नाव मला उच्चारता येत नाही, त्यामुळे तिची बदनामी होण्याचा संभव नाही. मेघाने पहिली टीप मारली ती चौकला, माझ्या पायमशीनवर. माझ्या पोलक्याची बाही तिने उलटी जोडली होती. मी ते पोलकं तसंच दोन वर्षं घातलं. आता फॅशन वीकमध्ये त्या कंपनीचे अडतीस पोशाख दाखवले जाणार होते आणि त्यातलं सत्तावीस नंबरचं लांब जाकीट एकट्या मेघाचं होतं. कापलंही तिने, शिवलंही तिने, सात आठवडे लागले.

"आजी, तू ये," ती फोनवर म्हणाली. "मी तर आत पोरींना कपडे चढवत असणार. मला माझंच जाकीट दिसणार नाय. तू बघ, आणि चालताना पाठीवर कसं पडतं ते मला सांग."

"व्हिडिओ काढतील की गं."

"व्हिडिओत सगळंच चांगलं दिसतं. मला खरं सांगणारं माणूस पायजे."

नरेश, म्हणजे माझा मुलगा, म्हणाला, "आई, तुझे गुडघे?"

"ते घेऊनच जाते," मी म्हटलं.

अशी मी शहात्तराव्या वर्षी पहिल्यांदा विमानात बसले. मी पॅरिस बघायला गेले नव्हते, मी एक जाकीट बघायला गेले होते. वाचकांनी याची नोंद घ्यावी.

शोच्या दारात हाताला पट्टी बांधतात. लाल पट्टी पहिल्या रांगेला, निळी मागच्या रांगांना आणि करडी उभ्याने बघणाऱ्यांना. मेघा नोकरीत नवी, म्हणून तिच्या पाहुणीला मिळाली करडी. करड्यांची जागा सहा रांगांच्या मागे, एका खांबाजवळ होती. माझी उंची चार फूट नऊ इंच. माझ्यापुढे येऊन उभा राहिला तो साडेसहा फुटांचा होता आणि डोक्यावर त्याने आमच्याकडच्या भाताच्या कणगीएवढी टोपी घातली होती.

पण हे नंतर. मेघाला कामावर लवकर जायचं म्हणून मी तासभर आधीच पोचले होते. हॉल रिकामा होता. पहिल्या रांगेत प्रत्येक खुर्चीवर नावाची चिठ्ठी होती, फक्त चौदाव्या खुर्चीवर नव्हती. मी दोनदा खात्री केली. मग पर्समधून मेघाच्या आजोबांचा रुमाल काढला, निळ्या चौकड्यांचा, एका कोपऱ्याला हळदीचा डाग असलेला, खुर्चीवर नीट पसरला आणि निश्चिंत मनाने बाथरूमला गेले.

परत आले तर खुर्चीभोवती तिघं जण जमलेले. कानात वायर घातलेली एक मुलगी, काळ्या कपड्यातला एक गृहस्थ आणि त्यांच्या वरची एक साहेबीण. माझ्याशेजारी करड्या पट्टीचा ऋषिकेश नावाचा पुण्याचा मुलगा उभा होता, फॅशनवर लिहिणारा आणि तिकडची भाषा जाणणारा. त्याला मी म्हटलं, "काय म्हणतात रं?"

"मुलगी म्हणते, रुमाल यादीत नाही. तो म्हणतो, यादीत नाही म्हणूनच काढता येत नाही, काढायला आधी नोंद लागते. आणि बाई म्हणतात, ज्याला नावाची चिठ्ठी लागत नाही, रुमाल पुरतो, तो कुणीतरी फारच मोठा माणूस असणार."

मुलीने यादीत लिहिलं : खुर्ची चौदा, रुमाल.

मी पुढे झाले. "अवो, तो माजा रुमाल हाय. सरका, बसू द्या."

ऋषिकेशने सांगितलं. साहेबिणीने माझ्या तोंडाकडे न बघता मनगटाकडे बघितलं आणि फार आदबीने काहीतरी बोलली.

"आजी, त्या म्हणतात, रुमालाला बसायची परवानगी आहे. तुम्हाला नाही."

"पन माजाच हाय ना तो!"

"त्याबद्दल त्या तुमचं अभिनंदन करतात. पण रुमाल आता लाल पट्टीत गेलाय. तुम्ही करड्या."

"मग परत द्या म्हनावं."

ऋषिकेशने विचारलं आणि मान हलवली. "नोंद झालेली जागा रिकामी करायची तर जो तिथे बसलाय त्याची लेखी संमती लागते."

मेघाच्या आजोबांच्या पेन्शनसाठी मी चार वर्षं कचेरीच्या पायऱ्या चढले आहे. परमुलखात आल्यापासून पहिल्यांदाच मला घरी असल्यासारखं वाटलं.

शो सुरू झाला. रुमाल बसला, मी उभी राहिले. रुमालाच्या दोन्ही बाजूंच्या बायका त्याला धक्का लागू नये म्हणून अंग चोरून बसल्या. एका नटीने त्याच्याबरोबर फोटो काढला. पहिली रांग रुमालाकडे बघत होती, दुसरी रांग पहिल्या रांगेकडे बघत होती आणि बाकीच्या रांगा हे सगळं आपापल्या फोनमध्ये बघत होत्या. मी कणगीवाल्याची पाठ बघत होते. त्याच्या कोटाची मधली शिवण वाकडी होती.

"पंचवीस," ऋषिकेश माझ्या कानात म्हणाला. "सव्वीस."

"सत्तावीस आलं की मला वर उचल रं पोरा."

"आजी, उचलू?"

"लाजतोस काय? आजीसारखी हाय मी तुझ्या."

त्याने मला कमरेला धरून वर उचललं. त्याच क्षणी हॉलमध्ये कुणीतरी किंचाळलं. सत्तावीस नंबर चौदाव्या खुर्चीपुढून गेला होता, जाकिटाच्या घेराचा वारा आला आणि रुमाल उडून खाली पडला. पहिली रांग उभी राहिली. मग दुसरी. तीनशे फोन वर गेले. मी अधांतरी लटकत जे पाहिलं ते एवढंच : तीनशे फोन आणि प्रत्येकात एक रुमाल. काळ्या कपड्यातल्या गृहस्थाने पांढरे हातमोजे चढवून तो उचलला, झटकला, खुर्चीवर ठेवला. टाळ्या झाल्या. तोवर अठ्ठावीस नंबर आला होता.

शो संपल्यावर मेघा मागच्या गल्लीत भेटली. घामाने कपाळाला केस चिकटलेले, ओठांत एक टाचणी अजून तशीच.

"आजी, कसं पडलं?"

या मुलीशी मी कधी खोटं बोलले नाही. "रुमाल उडाला," मी म्हटलं.

"मंजी?"

"मंजी घेर पडला असंल. वारा आला."

 तिने ओठांतली टाचणी काढून कॉलरला लावली, आत गेली, जाकीट घेऊन आली आणि अंगात घातलं. कचऱ्याच्या डब्यांपासून गल्लीच्या टोकापर्यंत ती चालत गेली आणि परत आली. मी एका रिकाम्या खोक्यावर बसले होते. पहिली रांग माझीच होती.

"डाव्या खांद्याला ओढतंय," मी म्हटलं. "पाव इंच सोडायला पायजे होतं. बाकी पाठ पाण्यासारखी पडतेय."

"मला वाटलंच हुतं खांद्याचं," ती म्हणाली आणि त्या आठवड्यात पहिल्यांदा हसली.

दुसऱ्या दिवशी ऋषिकेशने मला पेपर वाचून दाखवले. सगळ्यांत रुमाल होता. एकाने लिहिलं होतं की न येणाऱ्या माणसाने या हंगामातली सर्वांत ठाम हजेरी लावली. दुसऱ्याने हळदीच्या डागावर दोन रकाने लिहिले होते. संध्याकाळपर्यंत तीन शोमध्ये पहिली रांग पूर्ण रुमालांनी भरली आणि माणसं मागे उभी राहिली. माझा रुमाल मला चार कागदांवर सह्या केल्यावर परत मिळाला.

चौकला पोचले तर हमरस्त्यावर बॅनर : "आपल्या मातीतल्या रुमालाचा भव्य सत्कार". सत्काराच्या आदल्या दिवशीच सरपंचांच्या माणसांनी रुमाल नरेशकडून मागून नेला. सत्काराला मी गुडघ्यांमुळे जरा उशिरा पोचले. व्यासपीठावर मधल्या खुर्चीत, शालीवर, नारळाशेजारी रुमाल बसला होता आणि सरपंच हिरामण माईकवर सांगत होते की या रुमालाने तालुक्याचं नाव सातासमुद्रापार नेलं. समोर सगळ्या खुर्च्यांवर सकाळपासून रुमाल पडलेले.

"मालन, मागं उभी ऱ्हा गं," शेजारची धोंडूबाई म्हणाली. "जागा धरल्यात."

मी उभी राहिले. मेघाच्या आजोबांनीही हाच निकाल दिला असता.

तेव्हापासून लोक येतात. डाग धुऊन जातो का विचारतात. ती नटी जवळून गोरी आहे का विचारतात. कर्जतच्या बाजारात तसाच रुमाल मिळेल का, हे तर रोज कुणीतरी विचारतं. मी सगळ्यांना चहा देते, उत्तरं देते आणि वाट बघते.

जाकिटाचा रंग कोणता होता, हे आजवर एकानेही विचारलेलं नाही. तुम्हाला तर मी सुरुवातीलाच नोंद घ्यायला सांगितलं होतं. तुम्ही इथवर वाचत आलात, आणि तुमची नजर कुठल्या खुर्चीवर होती ते मला ठाऊक आहे.